सगळे सगळ्यांना जामीन

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून कामाला लागलो. ही वही मामीनं दिली. म्हणाली, "तोंडातून जे बाहेर पडतं ते आधी हिच्यात पडू दे, निम्मी भांडणं वाचतील." मी कुणाशी भांडत नाही. लोक माझ्याशी भांडतात. कॉलेजातही सुरुवात प्रयोगशाळेच्या सरांनीच केली होती. मी फक्त शेवट केला आणि फाटकाबाहेर पडलो, तो पुन्हा आत गेलो नाही.

मामा हिशेब तपासायचं काम करतो. सध्या त्याच्याकडे एका छोट्या बँकेची तब्येत बघायचं काम आलंय. बाजाराच्या चौकात दोन खोल्या आणि एक पोटमाळा, एवढीच बँक. चौकातल्या दुकानदारांनी वर्गणी काढून उभी केलेली. तेच मालक, तेच ठेवीदार, कर्जंही त्यांनाच. मामाचा अहवाल बरा गेला तर बँक राहील. वाईट गेला तर ती मोठ्या बँकेच्या पोटात जाईल आणि या दाराला कुलूप लागेल.

वाटेत मामानं बजावलं, "तू फक्त खुणा करायच्या. मत द्यायचं नाही, बोलायचं नाही, कुणावर डाफरायचं नाही."

"श्वास घेऊ का?"

"हळू घे."

अर्धी सकाळ मी अगदी गुणी बाळ होतो. मग तीन नंबरच्या खिडकीवर ती आली. कर्जाचं काम बघते. नाव विचारायचा धीर झाला नाही, तेव्हा इथे ती तीन नंबर. कागद जोडायला मी तिच्या डबीतली टाचणी घेतली तर म्हणाली, "टाचण्या आमच्या आहेत. तुमच्या ऑडिटला तुमच्या आणा."

आमच्या, तुमच्या! पहिल्याच वाक्यात दोघांचा उल्लेख! घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत.

मंगळवार, ७ जानेवारी

ती दिवसभर माझ्याकडे बघून हसत होती. दुपारी मॅनेजरसाहेबही हसले, म्हणजे प्रकरण सगळ्यांच्या लक्षात आलंय. मला लपवता येतच नाही काही.

घरी मामी म्हणाली नाकाला शाई लागलीय. बसमध्ये लागली असणार.

गुरुवार, ९ जानेवारी

आज बँकेत खातं उघडलं. ऑडिटच्या टेबलावरून ती फक्त कपाळापर्यंत दिसते. खातेदाराला मात्र खिडकीसमोर उभं राहायचा हक्कच असतो. ती म्हणाली, खातं दोन नंबरला उघडतात. दोन नंबरवर जाडजूड मिशीवाले एक काका आहेत. मग मी विचारलं की तीन नंबरला काय मिळतं. ती म्हणाली, "कर्ज." ते मागायची हिंमत झाली नाही. शेवटी बँकेचा एक शेअर घेऊन सभासद झालो, कारण त्याचा अर्ज तिच्याकडे असतो. फोटो लावताना तिनं विचारलं, "हा कुणाचा?" माझाच होता, शाळेतला.

मामाला हे काही सांगितलेलं नाही. त्यानं बोलू नकोस असंच सांगितलंय.

सोमवार, १३ जानेवारी

तब्येतीचं पहिलं लक्षण कळलं. बरेच कर्जदार हप्ते चुकवतात. मामाच्या कपाळाला आठी पडली. मॅनेजरसाहेब मात्र खुशाल चहा ढवळत होते. म्हणाले, "काळजीचं कारणच नाही. प्रत्येक कर्जाला दोन-दोन जामीनदार आहेत. कर्जदारानं नाही भरलं तर ते भरतील."

"आजवर कुणी भरलंय?" मामानं विचारलं.

"वेळच आली नाही."

"थकबाकी आहे म्हणजे वेळ आलीय की!"

"अहो, पण मागायचं कसं? रोज समोर भेटतात. आमच्या मुलीच्या लग्नात याच माणसांनी पंगतीत वाढलंय."

मामा पुटपुटला, "भीड भिकेची बहीण." मग मला म्हणाला, "उद्या चौकात जा. जामीनदार जिवंत आहेत का, दुकान चालतं का, बघून ये. फक्त बघून ये."

मॅनेजरसाहेबांची बेफिकिरी मला आवडली. दोन-दोन जामीनदार म्हणजे दुप्पट सुरक्षित. मामाला उगाच आठ्या पाडायची सवय आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

काय चौक आहे! बेकरी, तिच्या उजवीकडे टेलर, मग चष्मेवाला, मग भांडीवाला, असं गोल फिरत गेलं की लाँड्री, मग फोटो स्टुडिओ आणि पुन्हा बेकरी. मी एकेकाला विचारत गेलो, "तुमचे जामीनदार कोण?" सगळ्यांचं एकच उत्तर: "डावा शेजारी आणि उजवा शेजारी." दुसरीकडे जायचं कारणच काय! दुकानाच्या पायरीवरून हाक मारायची, "सही कर रे," की तो हातातली कात्री खाली ठेवून सही करून देतो. उद्या त्याला लागली की आपण.

"न वाचता?" मी बेकरीवाल्याला विचारलं.

"वाचायला काय, परीक्षा आहे?" तो गरजला. त्याचा आवाज भट्टीच्या आतून आल्यासारखा आहे. "शेजारी मागतोय आणि तू वाचत बसणार? मग तुला उद्या मीठ कोण देणार?"

त्यानं पाव गुंडाळायचा कागद दिला. त्यावर मी सगळी दुकानं काढली आणि बाणांनी जोडली. पूर्ण वर्तुळ झालं! बाजारात अशी एकी असेल असं वाटलं नव्हतं. धावत जाऊन मामासमोर कागद पसरला.

"बघ! एकही कडी सुटी नाही!"

मामानं चष्मा काढला. मग म्हणाला, "समज, एक जण पाण्यात पडला. त्यानं शेजाऱ्याचा हात धरलाय. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याचा. असे सगळे. काठावर कोण उभा आहे?"

"काठावर?"

"तेच विचारतोय."

तीन नंबर खिडकीतून ऐकत होती. ती हसली नाही. पहिल्यांदाच हसली नाही. तिला माझं चित्र आवडलेलं दिसतंय. हे हस्तकलेचं अंग माझ्यात लहानपणापासून आहे.

शुक्रवार, १७ जानेवारी

आजचा दिवस वाईट सुरू झाला आणि फारच छान संपला.

चहाच्या वेळी तीन नंबर आपणहून म्हणाली, "काय हो ऑडिटर, किती दिवस राहिलेत आमचे?" मी म्हटलं, मला मत द्यायची परवानगी नाही. ती म्हणाली, शाखा बंद झाली तर नोकरी राहील, पण मोठ्या बँकेच्या लांबच्या शाखेत. घरी वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना सोडून जाता येणार नाही, म्हणजे नोकरीच सोडावी लागेल. हे ती टाचण्या मोजत सांगत होती.

माझं डोकं फिरलं. मामाची यादी उघडून बघितली. सगळ्यात वर लाँड्रीवाल्या काकांचं कर्ज. मोठं धुलाई यंत्र घेण्यासाठी काढलेलं, आता त्या यंत्राची मोटर जळालीय आणि हप्ता थकलाय. शिवाय त्यांचा उजवा शेजारी, फोटो स्टुडिओवाला, परवाच दुकान विकून मुलीकडे राहायला गेला. मामानं शेरा मारला होता: "एक जामीनदार नाही. कर्ज सदोष."

दोष काय, तर एक जामीनदार कमी! एवढ्यावर हिनं नोकरी सोडायची? जामीनदार सभासद असला की झालं. आणि सभासद मी आहेच.

तीन नंबर डबा खायला गेली होती. मी मॅनेजरसाहेबांकडून जामिनाचा कागद घेतला आणि सही ठोकली. त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं. एका सहीनं बँकेची तब्येत सुधारली! मामा दोन आठवडे नाडी धरून बसलाय, आणि औषध मी दिलं.

सोमवार, २० जानेवारी

तिनं कागद पाहिला. खिडकी सोडून बाहेर आली, थेट माझ्या टेबलापाशी.

"वेडा आहेस का तू?"

तू! तिनं मला तू म्हटलं!

"अरे, काकांनी नाही भरलं तर तुला भरावं लागेल. आहेत पैसे? नोकरी तरी आहे धड? आणि तू ऑडिटला आलायस! पेशंटच्या खाटेवर डॉक्टर झोपतो का?"

मग तिच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, तुम्ही," ती म्हणाली आणि परत गेली. पण बाण सुटला तो सुटला.

मंगळवार, २१ जानेवारी

मामा जामीनदारांची यादी मोठ्यानं वाचत होता. एका नावापाशी थांबला. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा.

"हे नाव ओळखीचं वाटतंय," म्हणाला.

मी म्हटलं, "चांगल्या घरातलं आहे."

पुढचं लिहीत नाही. मामा ओरडला नाही, हेच भयंकर. अहवालात त्याला हे नमूद करावं लागणार: तपासणाऱ्याचा भाचाच कर्जाला जामीन. मला कामावरून काढलंय. आणि जामिनाच्या सगळ्या कर्जांपुढे तो शून्य धरणार आहे. "ज्या जामिनाला आजवर कुणी हात लावला नाही त्याची किंमत मी कशी धरू? कागद आहेत नुसते." किंमत शून्य धरली की बँक गेली.

करायला गेलो काय आणि झालं काय. मामीनं ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव. गाढवालासुद्धा भूक लागते."

बुधवार, २२ जानेवारी

रात्री नीट झोप नाही, पण सकाळी उठलो तो विचार घेऊनच. कुणी हात लावला नाही म्हणून किंमत शून्य. मग लावा हात! मलाच लावा!

बँक उघडायच्या आधी दारात उभा होतो. आज माझा राग कामाचा होता.

"साहेब, लाँड्रीचा हप्ता थकलाय. मी जामीन आहे. मला नोटीस द्या."

मॅनेजरसाहेब दचकले. "छे छे! तुम्हाला कशी? तुम्ही तर आपले..."

"आपले म्हणूनच! नोटीस हा माझा हक्क आहे. दिली नाहीत तर इथेच उपोषणाला बसेन. दोन वाजेपर्यंत तर नक्कीच!"

मिशीवाले काका म्हणाले, आजवर नोटीस नको म्हणून भांडणारे पाहिले, हा पहिलाच. मॅनेजरसाहेब घामाघूम झाले. तेवढ्यात तीन नंबर शांतपणे म्हणाली, "साहेब, देऊन टाका. मी टाइप करते. शिक्का आणि सही तेवढी करा."

"एकच ना?"

"एकदा शिक्का बाहेर काढलाच आहे," ती म्हणाली.

मला तिनं स्वतःच्या हातानं नोटीस दिली. कागद अजून गरम होता. मी तो घडी न करता घरी आणला. ती मात्र नंतरही टाइप करतच होती, बराच मोठा गठ्ठा. कामात फार गढलेली असते बिचारी.

शुक्रवार, २४ जानेवारी

हॉस्टेलचं डिपॉझिट परत आलं होतं. त्यातून बूट आणि एक निळा शर्ट घ्यायचा ठरवला होता, कारण सध्याच्या शर्टात मी तिला खांबासारखा दिसत असणार. ते सगळं नेऊन लाँड्रीच्या थकलेल्या हप्त्यात भरलं. मिशीवाले काका पावती फाडताना थांबले. म्हणाले, "जामीनदारानं भरलेला हा बँकेतला पहिला पैसा." मग ते पान आणायला म्हणून बाहेर गेले आणि चौकभर सांगून आले.

लाँड्रीवाले काका धापा टाकत आले. "अरे लेका, मोटर दुरुस्त झाली की मी भरलेच असते! मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"काका, तुमच्यासाठी नाही भरले."

"मग कुणासाठी?"

मी तीन नंबरच्या खिडकीकडे पाहिलं नाही. अजिबात पाहिलं नाही. काकांनी मात्र पाहिलं.

सोमवार, २७ जानेवारी

आज जे झालं त्याला काय म्हणावं!

सकाळी बँकेसमोर रांग. पार चष्मेवाल्यापर्यंत. मॅनेजरसाहेबांनी खिडकीतून बघितलं आणि पांढरेफटक पडले. "बातमी फुटली! सगळे ठेवी काढायला आले!" त्यांनी आतून कडी लावली. मामा तेवढ्यात पोचला होता, तो बाहेरच राहिला. मीही बाहेर, मला आता आत काम नाही.

बेकरीवाला दारावर थापा मारत होता. "उघडा! पैसे घ्या!"

"काय म्हणाला? पैसे द्या?" आतून मॅनेजरसाहेबांचा आवाज.

"घ्या म्हणतोय, घ्या!" बेकरीवाल्याच्या हातात नोटीस होती. रांगेत प्रत्येकाच्या हातात होती. "काल आलेलं हे पोरगं दुसऱ्याचा हप्ता भरतं, आणि मी टेलरच्या हप्त्याला तोंड लपवू? चौकात माझी काय इज्जत राहील?"

मागून टेलर ओरडला, "तू माझा भरू नकोस! माझा मीच भरतो! मी चष्मेवाल्याचा भरणार!"

"माझा कशाला? मी काय मेलोय?" चष्मेवाला.

अर्ध्या लोकांनी शेजाऱ्याचा भरला, अर्ध्यांनी शेजाऱ्याला भरू द्यायचा नाही म्हणून स्वतःचा. सगळ्यांनी सगळं भरलं असं नाही. भांडीवाला थोडे भरून गेला आणि जाताना मला शिव्या देऊन गेला. पण मिशीवाल्या काकांचे हात दुपारपर्यंत थांबले नाहीत.

मामा पायरीवर उभा राहून सगळं बघत होता. मला म्हणाला, "एवढ्या नोटिसा कुणी पाठवल्या?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही. मला तर एकच दिली."

मामानं खिडकीकडे पाहिलं. तीन नंबरनं मान खाली घातली. मामा हसला. मामाला दात आहेत हे मला आज कळलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

अहवाल गेला. मामानं मला दाखवला नाही, पण मामीला वाचून दाखवताना मी स्वयंपाकघराच्या दाराशी होतो. बँक अशक्त आहे, पण जिवंत आहे. जामिनाला किंमत आहे, वसुली करून पाहिली आहे. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला आळीपाळीनं जामीन राहायची पद्धत बंद करावी, हप्ता चुकला की घरी जाऊन मागावा. वर्षभर लक्ष ठेवून मग ठरवावं. तपासणाऱ्याच्या भाच्याचा मूर्खपणा एका वेगळ्या परिच्छेदात आहे. तो मामानं मोठ्यानं वाचला. मी दाराशी आहे हे त्याला ठाऊक असावं.

कुलूप लागणार नाही! ती कुठेही जाणार नाही! मी मामीला उचलून गरगर फिरवलं. ती म्हणाली, "खाली ठेव मेल्या, दूध उतू जाईल."

मंगळवार, ११ मार्च

लाँड्रीत लागलो. काका म्हणाले, माझे पैसे ते रोख परत करतील तेव्हा करतील, तोवर पगार घे. इस्त्री हे रागीट माणसाचं काम आहे. तापायचं, दाबायचं, वाफ सोडायची.

आणि आज ती आली! नवीन नियमाप्रमाणे वसुलीला. कर्जदारानंतर जामीनदारालाही भेटायचं असतं. मी इस्त्री धरून उभाच राहिलो. ती म्हणाली, "जळतंय." मी म्हटलं, "हो, कधीपासूनच." तिनं बोटानं दाखवलं. एका डॉक्टरांचा शर्ट होता.

शुक्रवार, ९ मे

दर महिन्याला येते. हप्ता वेळेवर असतो, तरी येते. नियम म्हणजे नियम. काकांनी तिला स्टूल दिलं, तर बसली, आणि मी बाही इस्त्री करताना उलटी करतो हे तिनं दाखवलं. वडिलांना आता आधारानं बसता येतं म्हणाली. मी गेल्यावर काका उगाचच खोकत होते. चुकलं, ती गेल्यावर.

गुरुवार, २६ जून

अनर्थ. काकांना दवाखान्याच्या चादरींचं मोठं काम मिळालंय. ते उरलेलं सगळं कर्ज एकदम फेडणार!

"काका, घाई कशाला? सावकाश फेडा. कर्ज अंगी लागतं."

"अरे, तूच ना रे बँक वाचवायला निघाला होतास?"

बँकेसाठी हे चांगलं. माझ्यासाठी वाईट. कर्ज संपलं की वसुली संपली.

शुक्रवार, २७ जून

काकांनी पैसे माझ्याच हाती दिले. "तूच सुरुवात केलीस, तूच संपव." मी सगळ्या चौकाला वळसा घालून गेलो. बेकरीवाल्यानं हटकलं, "बँक इकडे आहे!" तरी उलटाच गेलो.

तीन नंबरनं पैसे मोजले, शिक्का मारला, माझी सही असलेला जामिनाचा कागद फाडून परत दिला. "सुटलात."

"म्हणजे आता तुम्ही येणार नाही?"

"कशाला येऊ? तुमच्याकडे आमचं आता काही येणं नाही."

मी वळलो. तेवढ्यात तिनं हाक मारली, "ऑडिटर, थांबा." आणि खिडकीतून एक कोरा अर्ज पुढे सरकवला. कर्ज मागणारी तीच! वडिलांसाठी चाकाची खुर्ची बसेल असं दार आणि उतरता कट्टा करून घ्यायचाय. मुदत पाच वर्षं. एक जामीनदार लाँड्रीवाले काका. दुसऱ्याची जागा मोकळी.

"पाच वर्षं आहेत," ती म्हणाली. "वाचून सही करा. या वेळी तरी."

मी वाचलं. पहिल्यांदाच, अगदी बारीक अक्षरसुद्धा. मध्ये एक रकाना होता: जामीनदाराचं कर्जदाराशी नातं. "इथे काय लिहू?" मी विचारलं.

"सध्या ओळखीचा लिहा." माझ्या हातातलं पेन तिनं काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. "पण तेवढं पेन्सिलीनंच लिहा. पुढे बदलावं लागेल." तिचे कान लाल झाले होते. पंखा बंद होता.

मी लिहिलं, सही केली, आलो. पाच वर्षं तिच्या वसुलीचा माणूस मी! आनंदानं वेड लागायची वेळ आहे. फक्त ते पेन्सिलीचं काही कळलं नाही. पक्क्या कागदावर पेन्सिल चालते कशी? बँकेचा काही नवीन नियम आला असेल. उद्या मामाला विचारतो.